तुर्की सरदार उठत नाही

रविवार, ११ नोव्हेंबर १८८८

चार हिवाळे रविवारच्या शाळेत गेलो, तेवढंच माझं शिक्षण. शिकलेली अक्षरं हातातून गळून जाऊ नयेत म्हणून ही वही धरली. आणि खरं सांगायचं तर इथं हॅमकोममध्ये माझ्याशी धड कुणी बोलत नाही, म्हणूनही.

मी लेव्ही फाउलर, वय एकवीस, तीन वर्षांतलं हे सहावं काम. आमचा मुलूख इथून दहा दिवसांच्या चालीवर, सपाट आणि पाणथळ. इथं नुसता दगड, कडा आणि खाली समुद्र. खाणीतले लोक मला बेडूक म्हणतात. "ए बेडका, पाचर दे." "बेडका, पाऊस येणार का रे? ओरडून सांग जरा." पहिल्या आठवड्यात एकाला ठोसा लगावला. तेव्हापासून सगळेच म्हणायला लागले.

राहतो टॅबिथाबाईंकडे; आडनाव मीच, म्हणून सगळे मीचबाई म्हणतात. त्यांचा नवरा रूबेन ऑगस्टात खाणीत मेला, म्हणून ही खोली मला मिळाली. क्रेनची साखळी तुटली आणि दगड त्याच्यावर आला. मरणाची चौकशी बसली तेव्हा एमस हॅथरेल या म्हाताऱ्यानं शपथेवर सांगितलं, साखळीला तडा होता, मी मॅनेजरना दोनदा बोललो होतो. मॅनेजर क्रूडसन म्हणाले, मला कुणीही काही बोललं नव्हतं. कागदावर निकाल लागला : अपघात, मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणानं. चौथ्या दिवशी एमसकाकांना कामावरून काढलं, घरातून काढलं, आणि खाणीच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. अठ्ठेचाळीस वर्षं दगड फोडला होता त्या माणसानं.

मी तेव्हा असतो तर हातोडा फेकून मारला असता. इथले सगळे मात्र खाली मान घालून कामाला जातात. मेंढरं नुसती. नाताळ झाला की मी चाललो. बंदरात जहाजं लागतात, कुठंतरी नेतीलच.

रविवार, १८ नोव्हेंबर

क्रेनवाला वॉल्ट पॉन्ड दुपारी म्हणाला, "बेडका, मरायला आवडेल का तुला?"

मी अंगावर गेलो, तर तो पोट धरून हसायला लागला. नाताळच्या खेळाबद्दल बोलत होता. नाताळच्या दुसऱ्या दिवशी इथले लोक कोटाला कागदाच्या झिरमिळ्या लावून, टोपीच्या झिरमिळ्यांनी तोंड झाकून दारोदार खेळ करतात. आमच्याकडेही असतो, पण जानेवारीत, नांगर ओढत. इथं आधी नाताळबाबा येऊन जागा करायला लावतो. मग जॉर्ज राजा, मग तुर्की सरदार. दोघांची लाकडी तलवारींनी लढाई होते, सरदार मरतो. डॉक्टर येतो, गमजा मारतो, बाटलीतलं औषध पाजतो, सरदार उठतो. मग बिअर.

नाताळबाबा होतो आमचा मुकादम जबेझ स्टिकलंड. वॉल्ट जॉर्ज राजा. डॉक्टर एमसकाका, गेली तीस वर्षं. सरदार व्हायचा रूबेन, मीचबाईंचा नवरा. तो पडला की बायका खरोखर किंचाळायच्या म्हणे. ती जागा रिकामी, आणि मरायचं काम नव्यानं आलेल्यानं करायचं असा नेम.

"मला राजा करा," मी म्हटलं.

"राजा व्हायला इथं जन्मावं लागतं," जबेझ म्हणाला. "मरायला कुणीही चालतो."

रागानं हो म्हणून आलो.

रविवार, २५ नोव्हेंबर

तालीम ओढ्यापलीकडे, एमसकाकांच्या बहिणीच्या गोठ्यात. तिथं खाणीची हद्द लागत नाही.

मला वाटलं होतं पडायला काय शिकायचंय. काकांनी मला अकरा वेळा पाडलं. "पालथा पड, पोरा. उताणा पडलास तर लोकांना तुझं पोट हलताना दिसतं. पालथा पडलेला माणूस खरा मेलेला वाटतो."

मी विचारलं, शब्द लिहून देता का? सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मी देवळात थुंकलो. शब्द तोंडातून कानात जातात, कागदावर नाही. म्हणून इथंही लिहीत नाही. एवढंच की डॉक्टर म्हणतो, मी चंद्रावर जाऊन एकाची दाढ काढलीय आणि वाटेत त्याच्या बायकोचाही दमा बरा केलाय, असलं काहीबाही. मधूनच काका खोकत खोकत दुमडतात, लोकांनी हसावं म्हणून. फार हुबेहूब करतात. मी तर हसून लोळलो. बाकीचे कुणी हसले नाहीत. त्यांना सवयीचं असणार.

मग डॉक्टर घरमालकाकडे वळून विचारतो, हा कशानं मेला? मालकानं उत्तर द्यायचंच. काहीही चालतं. गेल्या वर्षी पाद्रीसाहेब म्हणाले, "माझं प्रवचन ऐकून." पण उत्तर आल्याशिवाय बाटलीचं बूच निघत नाही. आणि डॉक्टरशिवाय मेलेला उठत नाही. त्याला कुणी ओलांडतही नाही, मग तो रस्त्यात का पडलेला असेना. काकांच्या आजोबांच्या वेळी पुलावर खेळ चालू असताना डॉक्टर ओढ्यात पडला. सुके कपडे घालून परत येईपर्यंत पुलावर तीन गाड्या आणि एक वरात थांबली होती.

"बारा दिवसांत उठवावं लागतं," काका म्हणाले. "एकदा सण सरला की मेला तो मेलाच. मग वर्षभर गावाला लागतं ते."

"काय लागतं?"

"ते कुणी बघून घेतलेलं नाही अजून."

बुधवार, ५ डिसेंबर

मॅनेजरांचा निरोप आला. नाताळाला खाणीचे मालक शहरातून येणार आहेत, त्यांना जुना खेळ बघायचाय. बंगल्याच्या अंगणात करा, आत बोलावून मांस आणि बिअर देऊ. पण तो हॅथरेल फाटकाच्या आत येता कामा नये.

जबेझनं टोपी हातात घेऊन निरोप ऐकला आणि "बरं साहेब" म्हणाला! मी तिथंच बोलणार होतो, वॉल्टनं माझ्या पायावर पाय दिला.

रविवार, ९ डिसेंबर

गोठ्यात भांडण. काका आले नव्हते, बरं नाही म्हणे. जबेझचं म्हणणं, बंगल्यापुरता डॉक्टर गाळू. सरदार पडला की राजानं त्याच्या पाठीवर एक थाप मारायची, सरदार उठेल.

"आणि बाकी घरी?"

"बाकी घरी एमस आहेच की."

मी म्हटलं, "म्हणजे साखळीबद्दल बोलला तो बाहेर, आणि ज्याला बोलला त्याच्या दारात आपण नाचायचं."

जबेझ माझ्या जवळ आला. "बेडका, माझ्या घरात नऊ तोंडं आहेत. घर खाणीचं आहे. तू एक गाठोडं उचलतोस आणि निघतोस. तुला धैर्य फुकट पडतं."

 मी म्हटलं, "मी मरेन. पण डॉक्टरशिवाय उठणार नाही."

वॉल्ट म्हणाला, "मग काय, तिथंच पुरू तुला. बेडकाला खड्डा केवढासा लागतो!" सगळे हसले. जबेझ सुद्धा. हसण्यावारी नेलं म्हणून मला जास्तच झोंबलं.

गुरुवार, १३ डिसेंबर

मीचबाईंनी कोट करून दिला. रूबेनचाच कामाचा कोट आहे, चांगला जाड. चार संध्याकाळ बसून झिरमिळ्या शिवत होत्या, जुना भिंतीचा कागद, निळा आणि पिवळा. छाती, बाह्या, सगळीकडे लावल्यात. पाठीवर मात्र एकही नाही. तिथं एक मोठा तपकिरी डाग आहे, खांद्यापासून कंबरेपर्यंत, गंजासारखा. तो उघडाच ठेवलाय. मी म्हटलं, बाई, नेमका डागच झाकायचा राहिला. म्हणाल्या, "कागद पुरला नाही." पण टेबलावर ढीग उरला होता.

बायकांचं काही कळत नाही. मी कोट घालून दाखवला, तलवार फिरवली, पालथा पडून दाखवला. उठून बघतो तर त्या खोलीत नव्हत्या. बाहेर थंडीत कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. कोंबड्या केव्हाच निजल्या होत्या.

रविवार, १६ डिसेंबर

एमसकाकांकडे जाऊन आलो. चुलीशी बसले होते, घोंगडं पांघरून. म्हणाले, "पोरा, मी तुला शब्द देतो. तुझी जीभ हलकी आहे. डॉक्टर तूच कर."

मला रागच आला. म्हटलं, "मला तुमचे शब्द नकोत. तुम्ही या. फाटकाबाहेर उभे राहा, तो रस्ता सरकारचा आहे. आत घ्यायला मी लावतो त्यांना."

"तीन मैल चढ आहे रे."

"मी असतो तर तीस मैल चढलो असतो."

 काका हसले. "हो, तू चढला असतास. येतो मी."

त्यांच्या बहिणीनं मला जाताना दार उघडलं नाही, माझं मीच उघडलं. वर बटाट्याच्या सालींचं पातेलं माझ्या बुटांवर ओतलं. मी त्या बाईचं काय घोडं मारलंय, देव जाणे.

मंगळवार, २५ डिसेंबर. नाताळ

प्रार्थनेला गेलो. मीचबाईंनी बदक केलं होतं. माझ्याच्यानं खाववेना. उद्या उठलो नाही तर जबेझचं घर जाईल का? आणि उठलो तर मी कोण? हा विचार आधी का आला नाही. बदक छान होतं म्हणे.

बुधवार, २६ डिसेंबर

सगळं लिहायचंय. बोटं अजून वळत नाहीत, तरी लिहितो.

सकाळी पाच घरं केली, पाद्रीसाहेबांचं धरून. काकांनी प्रत्येक ठिकाणी मला उठवलं. बाराला बंगल्यावर पोचलो. खाणीत जायला आणि बंगल्यात जायला फाटक एकच. हजेरी घेणारा कारकून फाटकाशी उभा. आम्हाला आत घेतलं आणि काकांच्या तोंडावर फाटक लावलं. काका उंच टोपी घालून, हातात पिशवी धरून बाहेर उभे राहिले. त्यांच्यामागं हळूहळू अख्खं गाव गोळा झालं होतं.

पायऱ्यांवर मॅनेजर, त्यांची बायको, दोन मालक, आणि तालुक्याचे डॉक्टर पेनफोल्ड, खरे डॉक्टर, जेवायला आलेले.

नाताळबाबानं जागा केली. राजा आला. मी आलो. असा लढलो की माझी तलवार मोडली. मग वॉल्टनं मारलं आणि मी पालथा पडलो, गोठलेल्या चिखलात तोंड. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

वॉल्टनं पाठीवर थाप मारली. मी पडून.

दुसरी थाप. "ऊठ की लेका."

मी पडून.

"बेडका," जबेझ वाकून कुजबुजला, "हात जोडतो तुला, ऊठ."

मी तोंड न हलवता म्हटलं, "डॉक्टर आणा."

मॅनेजर आधी हसत होते. म्हणाले, "चला, फारच छान मेलास. आता ऊठ, आत बिअर वाट बघतेय." पायऱ्या उतरून माझ्याजवळ आले. मला त्यांचे बूट दिसत होते. बूट थांबले. 

"हा कोट कुणाचा आहे?" त्यांनी विचारलं, अगदी हळू.

 मला हसू येत होतं, माणूस मेलाय आणि यांना कोटाची पडलीय.

"उठवा त्याला!" मग ते ओरडले. वॉल्ट म्हणाला, "साहेब, मेलेला माणूस आमच्यानं कसा उठणार? त्याला डॉक्टर लागतो."

पाहुण्यांत हशा. त्यांना वाटलं खेळच आहे. एक मालक म्हणाले, "अहो क्रूडसन, डॉक्टर तर आपल्याकडे आहेच! पेनफोल्ड, जा बुवा, दाखवा तुमची विद्या."

डॉक्टर पेनफोल्ड हसत हसत आले, गुडघ्यावर बसले. माझ्या मानेवर दोन बोटं ठेवली. माझी नाडी तर घोड्यासारखी उधळली होती. मग त्यांचा हात माझ्या पाठीवर आला, आणि तिथंच राहिला. हातमोजे घातले नव्हते त्यांनी, ऊब घेत असतील. दारूचा वास येत होता. कारकून मागे एकदा सांगत होता की ऑगस्टात चौकशीच्या वेळी कागद यांनीच लिहिला होता. असेल.

ते उठून उभे राहिले. "हा मेलाय," म्हणाले. "खरोखर मेलाय. माझ्या हातून उठणार नाही. मागेही मला काही करता आलं नाही. याच्या डॉक्टरला आत घ्या."

आता हसायचं थांबलं. एक मालक म्हणाले, "कुणी तरी ते फाटक उघडा, गारठलो आम्ही." कारकुनानं मॅनेजरांकडे पाहिलं आणि मग मालकांकडे. फाटक वाजलं.

काका आले. चंद्रावरची दाढ त्यांनी गाळली, दमाही गाळला. सरळ पायरीशी जाऊन विचारलं, "घरधनी, हा कशानं मेला?"

मॅनेजर गप्प.

"काहीही सांगा हो," बाई म्हणाल्या, त्यांची बायको. "सांगा, पुडिंग खाऊन."

काकांनी दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मग दार लागल्याचा आवाज आला. मॅनेजर आत गेले होते.

"उत्तर नाही, औषध नाही," काका म्हणाले आणि पिशवी बंद केली.

चौघांनी मला हातापायांना धरून उचललं. जबेझ म्हणाला, "घरी नेऊ." फाटकाशी मीचबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घरी एकदा आणलं होतं. इथंच ठेवा."

मला फाटकाच्या मधोमध ठेवलं. अंधार पडल्यावर चालत घरी आलो. दिवस मावळला की मेलेल्याला जेवायची मुभा असते, असा नेम काकांनी सांगितला. जुना आहे की तिथल्या तिथं घडवला, मी विचारलं नाही.

गुरुवार, २७ डिसेंबर

उजाडायच्या आत फाटकात जाऊन पालथा पडलो. मीचबाईंनी खाली पेंढा घातला. सातला दगडाच्या गाड्या आल्या, अकरा गाड्या, आणि थांबल्या.

मॅनेजर ओरडत आले. "चालवा गाड्या! बाजूनं काढा!"

पहिला गाडीवान म्हणाला, "मेलेल्यावरून गाडी नेत नाही आम्ही, साहेब."

"तो मेलेला नाही!"

"काल डॉक्टरसाहेबांनी सांगितलं की. अख्ख्या गावादेखत. शिकलेला माणूस आहे तो, आम्ही आपले अडाणी."

मग कारकुनानं मोठ्यानं वाचलं, लेव्ही फाउलरला कामावरून काढण्यात आलं आहे. मेलेल्यानं ओ द्यायची नसते. दिली नाही.

दुपारी काका आले, फाटकाच्या सरकारी बाजूला उभे राहिले, बंगल्याच्या खिडकीकडे बघून प्रश्न विचारला आणि परत गेले.

शुक्रवार, २८ डिसेंबर

पोलीस शिपाई आला. इथलाच आहे, वॉल्टचा मेहुणा. मॅनेजर म्हणाले, याला अटक करा. तो म्हणाला, "मेलेल्याला अटक कुठल्या कलमाखाली करू?" शेवटी त्यानं मला पायाला धरून ओढत रस्त्याकडेच्या खड्ड्यात टाकलं आणि टोपी काढून म्हणाला, "माफ कर रे बाबा." गाडीवान म्हणाले, खड्ड्यातला मेलेला तर आणखीच मेलेला. गाड्या हलल्या नाहीत. तो गेल्यावर मी परत जागेवर आलो.

सोमवार, ३१ डिसेंबर

दिवसभर पाऊस. झिरमिळ्यांचा लगदा झाला. आज मला पहिल्यांदा वाटलं की पुरे. कोण रूबेन? मी त्याचं तोंडही पाहिलेलं नाही. मी इथला नाही, मला राजाही करत नाहीत. बंदर चार मैलांवर, तिथं जहाज लागलंय, आमच्याच दगडासाठी अडकलंय. उठून चालायला लागलो तर कोण अडवणार आहे?

खाणीतले लोक मला ओलांडायला नको म्हणून भिंतीवरून चढून कामाला जातात. बघत नाहीत माझ्याकडे. जबेझ तर डोळ्यांवर टोपी ओढतो.

काका आले तेव्हा कुणीतरी खुर्ची आणली होती. बसून विचारलं त्यांनी. आवाज इतका लहान की मलाच ऐकू आला.

रात्री बाईंनी माझे पाय गरम पाण्यात ठेवले. अंगात ताप आहे का बघितलं. म्हणाल्या, "तू जायचं तर जा. मी काही म्हणणार नाही." मी म्हटलं, "कोण जातंय?" तोंडातून निघून गेलं.

गुरुवार, ३ जानेवारी १८८९

जहाजाचा कप्तान येऊन मॅनेजरांना काय काय बोलला! आमच्या पाणथळीतही अशा शिव्या नाहीत. दगड सोमवारपर्यंत जहाजावर चढला नाही तर तो रिकामा निघणार. मालकांचं पत्रही आलंय म्हणे.

दिवस मावळायच्या आत कारकून फाटकाशी आला. मॅनेजरांचा निरोप : काम परत देतो, मुकादमाचा मदतनीस करतो, ऊठ. मी म्हटलं नाही. म्हणजे म्हटलं काहीच नाही.

वॉल्ट रात्री येऊन म्हणाला, "बेडका, अरे मदतनीस!" आणि चुलीत एक लाकूड सारलं. म्हणाला, "क्रेनवर मी होतो त्या दिवशी. साखळी मीच ओढत होतो." मी त्याला भाकरीचा तुकडा दिला. दुसरं काय देणार.

शनिवार, ५ जानेवारी

आज बारावा दिवस. उद्यापासून खेळ नाही.

बर्फ पडलं होतं. पडून राहिलो. सातचा भोंगा झाला, लोक भिंतीपाशी आले. चढायचा आवाज नाही. मग माझ्या शेजारी बर्फ करकरलं, कुणीतरी गुडघे टेकले, श्वास टाकला आणि आडवं झालं. मी एक डोळा किलकिला केला. जबेझ. पालथा. पांढरी दाढी बर्फात.

"बोलू नकोस," तो म्हणाला. "मेलोय मी."

"घर?"

"गप्प म्हणतो ना."

मग वॉल्ट. "सरका जरा. राजा आहे मी, मला मधली जागा द्या." मग आणखी. किती ते मी पाहिलं नाही, मेलेल्यानं मान वळवायची नसते. पण फाटकापासून क्रेनपर्यंत बर्फ करकरत राहिलं, आणि मग काहीच आवाज उरला नाही. इतकं शांत की खालचा समुद्र ऐकू यायला लागला.

काकांना हातगाडीवरून आणलं होतं. बहिणीनं ओढली, तिच्या शिव्यांवरून कळलं. बंगल्याचं दार उघडलं. पावलं आली, हळूहळू, माणसांच्या मधून वाट काढत. माझ्या डोक्याशी थांबली.

काकांनी विचारलं, "घरधनी, हा कशानं मेला?"

 मी डोळे मिटून होतो. माझ्या गालाखालचं बर्फ वितळून कानात गेलं.

"साखळीनं," क्रूडसन म्हणाले.

मी उठणार होतो. हात टेकलाही होता. तेवढ्यात मागून मीचबाईंचा आवाज आला. बारा आठवडे त्यांच्या घरात राहिलो, त्यांना कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

"मागं ऐकू आलं नाही."

मी हात काढून घेतला. परत मेलो.

क्रूडसनांचा श्वास ऐकू येत होता. 

"साखळीनं," ते म्हणाले, या वेळी मोठ्यानं. "तडा होता. हॅथरेलनं मला सांगितलं होतं. दोनदा."

बाई काही बोलल्या नाहीत. म्हणजे ऐकू आलं होतं.

काकांनी बूच काढलं. चमच्यात गार चहा होता, अर्धा माझ्या हनुवटीवर सांडला. मी उठलो. माझ्यामागून बाकीचे उठले, एकेक करून, अंगावरचं बर्फ न झटकता.